आधी वही, मग साइट

अगं, तुझा व्हॉइस नोट दोनदा ऐकला. तुझ्या माउंटन बाइकच्या साइटचं नाव ठरलं, लोगो काढून झाला, डोमेनचे पैसे भरले आणि आता विचारतेस की काका पहिल्या पानावर काय टाकू. कुठल्या ट्रेलबद्दल, म्हणजे डोंगरातल्या कुठल्या वाटेबद्दल लिहायचंय ते मात्र त्या सगळ्या बोलण्यात एकदाही आलं नाही, म्हणून फोन न करता सविस्तर लिहितोय, चहा घेऊन बस.

तुला फेअरफॅक्सवाल्यांची गोष्ट सांगतो. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या वर मरीन काउंटी आहे, तिथलं हे छोटं गाव. सत्तरच्या दशकात तिथली पोरं तीस-चाळीस सालच्या श्विन कंपनीच्या जुन्या सायकली भंगारातून उचलायची, जाड टायर, वजन म्हणशील तर लोखंडी कपाट, आणि त्या घेऊन डोंगरातल्या फायर रोडवरून, म्हणजे वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठी केलेल्या कच्च्या रस्त्यांवरून, सुसाट खाली यायची. त्यातला एक उतार फार बेकार होता, तीनेक किलोमीटरमध्ये जवळपास ४०० मीटर खाली. ब्रेक म्हणजे पेडल उलटं दाबायचं, तो मागच्या हबमध्येच, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात असायचा, खाली पोचेपर्यंत हब इतका तापायचा की आतल्या ग्रीसचा धूर व्हायचा. मग हब उघडा, पुसा, नवीन ग्रीस भरा, म्हणजेच रीपॅक करा, त्यावरून त्या रस्त्यालाच रीपॅक म्हणायला लागले.

आता सगळ्यात फास्ट कोण यावर भांडणं होणारच, आपल्या ग्रुपवर स्ट्राव्हा या राइड मोजणाऱ्या ॲपचे स्क्रीनशॉट टाकून होतात तशीच. चार्ली केली नावाचा एक माणूस त्यांच्यात होता, एका रॉक बँडचं सामान वाहायचं काम करायचा. २१ ऑक्टोबर १९७६ ला त्यांनी सरळ रेस लावली. एकेकाला थोड्या थोड्या अंतराने सोडायचं, टायमिंगला एक नेव्हीचं घड्याळ आणि एक गजराचं घड्याळ, दोन्ही आधी जुळवून घेतलेली, एक वर एक खाली. ॲलन बाँड्स जिंकला, कारण बाकीचे वाटेत पडले. पुढच्या रेसेसमध्ये वेळ खूप खाली आली, गॅरी फिशरचा रेकॉर्ड ४ मिनिटं २२ सेकंद, जो ब्रीझचा ४:२४, आणि हे आकडे आज आपल्याला माहिती आहेत ते फक्त केलीने दर वेळी वहीत नाव आणि वेळ लिहून ठेवली म्हणून. वेंडी क्रॅग पण त्यांच्यातलीच, ती स्वतः तो उतार उतरायची आणि कॅमेराही सोबत न्यायची, सुरुवातीच्या दिवसांचे जे फोटो आपण बघतो त्यातले कितीतरी तिचे आहेत.

माझं म्हणणं एवढंच, की त्या वेळी यांच्याकडे ना मासिक होतं ना कंपनी. वही होती, फोटो होते आणि कोणाला फोन करायचा त्यांचे नंबर होते, केली पुढच्या रेसचं एकेकाला फोन करून कळवायचा. पुढचं सगळं त्यातून आलं. १९७७ मध्ये जो ब्रीझने डोंगरासाठी म्हणून नवीनच फ्रेम बांधली, ती पहिली ब्रीझर आता अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. १९७९ मध्ये केली आणि फिशरने माउंटनबाइक्स नावाचं दुकान काढलं, फ्रेम टॉम रिची बनवून द्यायचा. आणि १९८० मध्ये केली आणि डेनिस कॅरामॅग्नो या दोघांनी फॅट टायर फ्लायर नावाचं घरगुती मासिक सुरू केलं, खास माउंटन बाइकवाल्यांसाठीचं पहिलंच. १९८७ पर्यंत चाललं ते, तोवर माउंटन बाइक ॲक्शनसारखी गुळगुळीत कागदाची मासिकं बाजारात आली होती. इंटरनेट आल्यावर १९९६ मध्ये एमटीबीआर नावाची साइट निघाली ती पण कॅलिफोर्नियातच, तिथे लोक आपण स्वतः वापरलेल्या पार्टबद्दल लिहायचे, हा फोर्क (पुढचं चाक धरणारा भाग) असा वाजतो, हा टायर ओल्यात पकड सोडतो. लोक ते वाचायला जायचे, डिझाइन बघायला कोण जातंय.

तर तू काय कर, पुढचे तीन महिने साइट बंदच ठेव. पुण्यातली वेताळ टेकडी तुझ्या घराशेजारी आहे, तिथली एकच वाट घे आणि तिची वही कर. कुठून चढायचं, मुरूम कुठे सुटा आहे, कुठल्या वळणावर झाडाचं मूळ आडवं येतं, सायकल कुठे उचलावीच लागते. आणि प्रत्येक नोंदीवर तारीख टाक, हे फार महत्त्वाचंय, कारण आपल्याकडे जानेवारीत लिहिलेली वाट जुलैत ओढा असतो, ऑगस्टमध्ये त्याच दगडावर शेवाळं धरतं आणि ऑक्टोबरमध्ये गवत इतकं वाढलेलं असतं की वाट सापडत नाही. मरीनवाल्यांचं वेगळं, त्यांचा पाऊस थंडीत पडतो. तारीख नसलेली ट्रेलची माहिती वाचून कोणीतरी हातपाय मोडून घेईल. टायरमध्ये हवा किती होती तेही लिही, नवीन पोरं पार दगड होईपर्यंत भरतात आणि मग म्हणतात ट्रेल खराब आहे.

अजून एक, यावर तू चिडशील. सगळ्या वाटांचे जीपीएस ट्रॅक उघड टाकायचा तुझा जो प्लॅन आहे तो मला पटत नाही. मरीनमध्येच काय झालं बघ, जिथे हा खेळ वाढला त्याच माउंट टॅम डोंगरावर अरुंद पायवाटा सायकलींना बंद झाल्या, रुंद रस्त्यांवर ताशी १५ मैलांची मर्यादा आली आणि आंधळ्या वळणावर ५, रेंजर रडार गन घेऊन उभे राहायला लागले. चालणारे आणि घोडेवाले वैतागले होते आणि त्यांचं अगदीच चूक होतं असं नाही. आपल्या टेकडीवर सकाळी सहा ते आठ आजी-आजोबा असतात, मोरांचे फोटो काढणारे असतात, तिथे तुझ्या साइटवरून ट्रॅक उतरवून पंधरा जण माउंटन बाइक घेऊन एकदम आले तर आठवड्यात बोर्ड लागेल. ज्या वाटेवर आधीच सगळे जातात ती टाक, वनखात्याच्या हद्दीतली असेल तर परवानगीचं आधी विचार, आणि गर्दीची वेळ कुठली ते वरच ठळक लिही.

पैशांचं विचारलंस. सध्या विसर. एखादा दुकानदार टायर फुकट देईल रिव्ह्यूसाठी, घे हवं तर, पण फुकट मिळाला हे पहिल्याच ओळीत लिही, आणि एक पावसाळा वापरल्याशिवाय एक शब्द लिहू नको. बॉक्स उघडल्याचे फोटो टाकणारे भरपूर आहेत.

आणि एकटीने करू नको. फ्लायरमागे पण दोघं होते. तुझी ती मैत्रीण, जी दर राइडला मागे राहून फोटो काढत बसते आणि तुम्ही सगळे तिच्यावर ओरडता, तिला विचार.

वही रेघा नसलेली घे, नकाशे काढता येतात. रविवारी पहाटे साडेपाचला टेकडी एआरएआय संस्थेच्या बाजूने चढतोय, येणार असशील तर शनिवारी रात्री कळव, आणि तुझ्या मागच्या ब्रेकचे पॅड संपलेत ते आधी बदलून घे, परवा लांबूनच आवाज येत होता.