रिकाम्या घरावर नळी हलली का?

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र रविवारी रात्री वाचलं आणि बराच वेळ झोप आली नाही. तू विचारतोस, ‘.४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हर घेऊ की थेट त्याहून दांडगी .५००? मित्राच्या .४४ मधून बारा गोळ्या झाडल्या, सगळ्या खाली आणि डावीकडे गेल्या, म्हणजे माझं मनगट कमी पडतंय की बंदुकीची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, बिघडलीय?’

माशी बिघडलेली नाही. मनगटही चांगलं आहे. तू दचकतोयस. चाप पुरता मागे यायच्या आतच तुझा हात नळीला खाली दाबतोय, कारण येणाऱ्या धक्क्याची वाट बघणं त्याला सोसत नाही. बार होतो, बंदूक उसळते आणि ते दाबणं त्या उसळीत झाकून जातं. तुला दिसत नाही, शेजारी उभ्या असलेल्यालाही दिसत नाही. कळतं ते टार्गेटच्या कागदावर.

हाताची ही चोरी पकडायची एकच रीत मला माहीत आहे. सिलिंडरची, म्हणजे काडतुसं बसतात त्या फिरत्या नळकांड्याची, सहा घरं दुसऱ्याकडून भरून घ्यायची. दोन घरांत काडतुसं, चार घरांत वापरलेल्या रिकाम्या पुंगळ्या, आणि कुठल्या घरात काय आहे ते तू बघायचं नाहीस. मग नेम धरायचा आणि चाप सावकाश ओढायचा. पुंगळीवर घोडा पडला, ‘टक्’ झालं, त्या क्षणी नळी हलली का? एवढंच बघ. पहिल्या दिवशी चांगली चार बोटं खाली जाईल आणि तुला शरम वाटेल. वाटू दे. पण जोवर रिकाम्या घरावर नळी हलते आहे, तोवर मोठ्या काडतुसाचं नाव काढायचं नाही.

मी हे उलट्या क्रमानं शिकलो. १९९६ साली ग्रीन कार्ड हातात पडलं आणि तिसऱ्या आठवड्यात मी रुगरची सुपर ब्लॅकहॉक घेतली. साडेसात इंची नळी, तीन पौंड वजन, .४४ मॅग्नम. कोकणातल्या घरी आजोबांची ठासणीची बंदूक माडीवर टांगलेली असायची, डुकरं शेतात उतरली की खाली यायची. मला तिला कधी हात लावू दिला नाही. ती लहानपणची भूक मी इथे एका दिवसात भागवायला निघालो. दुकानदार म्हणाला, .३५७ घ्या, त्यात .३८ स्पेशलची हलकी काडतुसं झाडत शिका. मी ऐकलं नाही. पुढची सहा वर्षं त्या बंदुकीच्या चौकोनी ट्रिगर गार्डवर मधल्या बोटाचा सांधा आपटून घेतला, मुठीचं लाकूड बदललं, माशी बदलली, काडतुसांची कंपनी बदलली. हात बदलायचा सोडून सगळं बदललं. शेवटी नेमबाजीच्या रेंजवरच्या एका म्हाताऱ्या ऑफिसरनं काही न बोलता माझ्या सिलिंडरमध्ये पुंगळ्या भरून दिल्या. पहिलाच घोडा रिकाम्या घरावर पडला आणि माझी नळी थेट जमिनीकडे गेली. सहा वर्षं, बाबा. त्यातली पाच मला वाचवता आली असती.

म्हणून .५०० चा विषय इथेच संपव. २००३ साली स्मिथ अँड वेसननं ती आणली. लांब नळीची घेतलीस तर दोन किलोच्या वर वजन, पाचच घरं. नवख्याच्या हातात उसळताना पकड सुटते, ती सावरायला बोटं आवळली जातात आणि दुसरी गोळी आपोआप सुटते, तीही आकाशाकडे. कुणी झाडायला दिलीच, तर आत एकच काडतूस असेल असं बघ. दोन नाहीत, एक.

.४४ घे, जरूर घे. पण वर्षभर तिच्यात .४४ स्पेशल, म्हणजे त्याच जाडीचं पण कमी जोराचं काडतूस, झाड. मॅग्नमच्या घरात स्पेशल बसतं, उलटं होत नाही, कारण मॅग्नमची पुंगळी इंचाचा आठवा भाग लांब केलेली आहे. गोळी जवळपास तीच, २४० ग्रेनच्या आसपास, म्हणजे साडेपंधरा ग्रॅम. वेग मात्र स्पेशलचा सेकंदाला साधारण ७५० फूट आणि मॅग्नमचा १,३०० च्या पुढे. हात शिकतो तो त्या ७५० वर. बंदुकांवर लिहिणाऱ्या ज्या एल्मर कीथच्या पाठपुराव्यामुळे १९५५ साली हे मॅग्नम तयार झालं, त्या आयडाहोच्या माणसानं आधी तीसेक वर्षं .४४ स्पेशलच वापरलं होतं, हे मोठ्या बाराच्या नादाला लागलेल्यांनी लक्षात घ्यावं. आणि स्पेशल झाडून झालं की घरं ब्रशनं घासून काढ. आतल्या काजळीचं कडं जमलं तर पुढे मॅग्नमची पुंगळी अडकते.

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहितो. २००४ साली माझा मुलगा पंधरा वर्षांचा होता. त्या वर्षी तो माझ्याशी बोलेनासा झाला होता. मला वाटलं, याला रेंजवर न्यावं, एक मोठा बार काढू द्यावा, काहीतरी मोकळं होईल. पुंगळ्यांची रीत मला तोवर ठाऊक झालेली होती. तरी मी त्याच्या हातात मॅग्नम भरलेली ब्लॅकहॉक दिली. त्याचे कोपर वाकलेले होते, तेही मला दिसत होतं. बंदूक उसळून घोड्याचं टोक कपाळाला लागलं, दोन टाके पडले. त्यानंतर तो कधी माझ्याबरोबर आला नाही. तो कंटाळला असता, स्पेशल झाडून त्याचं मन रमलं नसतं, असं मी वीस वर्षं स्वतःला सांगत आलोय. आणि ते अगदीच खोटं नाही, पंधरा वर्षांच्या पोराला धीर कुठून असणार? पण धीर त्यानं नव्हता धरायचा, मी धरायचा होता.

बाकीचं भराभर सांगतो, कारण हे तुला माहीत असायला हवं होतं. कानात फोमचे बोळे आणि वरून कान झाकणारे मफ, दोन्ही. १४० डेसिबलच्या वरचा एकच आवाजही कान बिघडवू शकतो आणि .४४ त्याच्या बरीच पुढे जाते. माझ्या डाव्या कानात चोवीस तास रातकिडा ओरडतो. नाईन एमएम पिस्तुलावर शिकलेली अंगठे पुढे ठेवायची पकड इथे विसर. सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीतून जाळ बाहेर येतो, तिथे बोट असता कामा नये. बार नेहमीपेक्षा दबका वाटला तर थांब, गोळी नळीत अडकलेली असू शकते. एच-वनवरच्या रूममेटला ‘एकदा झाडून बघ’ म्हणू नकोस. त्या व्हिसावर बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं हा संघीय गुन्हा आहे, शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे मोजके अपवाद सोडले तर. आणि बंदुकीच्या आधी तिजोरी घे. तुझी मुलगी दोन वर्षांची आहे. कपाटाचा वरचा कप्पा ही जागा होऊ शकत नाही, यावर मी वाद घालणार नाही.

या वयात काका हे कशाला करतात, असं तुझ्या बायकोनं विचारल्याचं कळलं. तिला सांग, चाप हळू ओढत असताना माझ्या डोक्यात दुसरं काहीही नसतं. मला एवढ्या शांततेची दुसरी जागा सापडली नाही. मी शिकार करत नाही, कमरेला बंदूक लावून हिंडत नाही. महिन्यातून दोनदा बेन एव्हरीच्या रेंजवर जातो आणि पन्नास गोळ्या झाडतो. त्यातल्या निम्म्या वेळा घोडा अजूनही रिकाम्या घरावर पडतो. आणि गेल्या महिन्यात, अठ्ठावीस वर्षांनंतर, एकदा नळी हलली. त्या दिवशी मॅग्नमचा डबा न उघडता घरी आलो.

शनिवारी सकाळी सातला ये, ऊन चढायच्या आत. .४४ स्पेशलचा एक डबा आण, पुंगळ्या माझ्याकडे आहेत. घरं मी भरीन, तू तोंड डोंगराकडे करून उभा राहा.

तुझा काका