जॉन विक या मारधाडीच्या सिनेमांचे आधीचे तीन भाग न बघता थेट चौथा लावला तर कळेल का? आणि १६९ मिनिटं झेपतात का?

कळेल. गोष्ट काही फार गुंतागुंतीची नाहीये. सुपारी घेऊन माणसं मारणारा एक जण धंदा सोडून घरी बसलेला, त्याला परत त्यात ओढलं गेलं, आणि आता हाय टेबल म्हणून जे जगभरच्या गुन्हेगारांचं वरचं मंडळ आहे ते त्याच्या जिवावर उठलंय, एवढं माहीत असलं तरी चौथा भाग चालू करता येतो. पण नुसतीच ठोकाठोकी आहे का त्यात काही जीव पण आहे असं विचाराल, तर त्यासाठी निदान पहिला तरी बघून घ्या.

पहिला २०१४ चा, दोन तासांचाही नाही, एका संध्याकाळी उरकतो. बायको आजारपणात गेली, जाण्याआधी तिने याच्यासाठी एक बीगल पिल्लू पाठवायची सोय करून ठेवली, म्हणजे मागे राहिलेल्या माणसाला माया करायला कोणीतरी हवं म्हणून, आणि ते पिल्लू एका रशियन डॉनच्या लाडावलेल्या पोराने मारलं, वर गाडी पण पळवली. एका कुत्र्यासाठी एवढे मुडदे पाडले म्हणून लोक हसतात, पण बायकोने दिलेली शेवटची गोष्ट होती ती, हे डोक्यात असलं की पुढचे तिन्ही भाग वेगळे दिसतात. २०१७ चा दुसरा वेळ नसेल तर सोडा, फक्त एवढं लक्षात ठेवा की कॉन्टिनेंटल नावाच्या हॉटेलात कोणी कोणाला मारायचं नाही असा या लोकांचा कडक नियम आहे आणि जॉनने तो शेवटी मोडला. २०१९ च्या तिसऱ्यात सगळं न्यूयॉर्क त्याच्या मागे लागतं, त्याचा शेवटचा पाव तास बघितलात तरी बास, म्हणजे हॉटेलचा मॅनेजर विन्स्टन आणि जॉन यांच्यात काय झालं ते कळतं.

आता चौथा, २०२३ चा. माझ्या मते चौघांत हाच सगळ्यात चांगला, आणि ते गोळ्या जास्त आहेत म्हणून नाही. आधीच्या तीन भागांत समोरचा मेला तर आपल्याला बरंच वाटायचं. इथे पहिल्यांदाच असं होतं की समोर उभा असलेला माणूस मरू नये असं आपल्यालाच वाटतं. केन. डॉनी येनने केलाय, आंधळा मारेकरी, जॉनचा जुना दोस्त, त्यानेही धंदा सोडलेला पण त्याची मुलगी हाय टेबलच्या नजरेखाली आहे, जॉनला मारलं नाही तर ती जाणार. त्याचं जॉनशी काही वैर नाही, उलट जीव आहे, आणि तरी तो येतो. त्याला दोष कसा देणार तुम्ही? मी तरी नाही देऊ शकलो.

त्यात तिसरा दोस्त कोजी, हिरोयुकी सनाडा, ओसाकातल्या कॉन्टिनेंटलचा मॅनेजर. जॉनला आसरा दिला तर हॉटेल जाईल, माणसं जातील, कदाचित आपण जाऊ हे त्याला माहीत असतं, त्याची मुलगी अकिरा तोंडावर सांगते की याला ठेवू नका, तरी तो ठेवतो. (अकिराचं काम गायिका रीना सावायामाने केलंय, तिचा पहिलाच सिनेमा, वाटत नाही.) मग कोजी आणि केन समोरासमोर येतात तेव्हा दोघंही आधी एकमेकांना माघार घ्यायची संधी देतात आणि कोणीच घेत नाही. ती तलवारबाजी अख्ख्या सिनेमात सगळ्यात लहान असेल कदाचित, पण माझ्या डोक्यात तीच जास्त राहिली.

येनचं अजून एक सांगतो. आधी या पात्राचं नाव आणि कपडे नेहमीचे छापील चिनी गुरुजी टाइप होते, त्याने हरकत घेतली आणि ते बदलून घेतलं असं त्याने मुलाखतीत सांगितलंय. म्हणून मग सूट आणि काळा गॉगल. ओसाकातल्या किचनमध्ये तो भिंतींना त्या समोरून माणूस गेला की वाजणाऱ्या बेल चिकटवत जातो आणि बेल वाजली की त्या दिशेने गोळी, असला प्रकार मी तरी आधी बघितला नव्हता. हसू पण येतं आणि भीती पण वाटते.

आता लांबी. खोटं बोलत नाही, मधला बर्लिनचा भाग लांबलाय. व्हिलन मार्की, म्हणजे बिल स्कार्सगार्ड, त्याला द्वंद्वाचं आव्हान द्यायचं तर जॉनच्या पाठीशी एखादं गुन्हेगारी घराणं हवं, घराण्याने परत घ्यायचं तर त्यांचं एक काम करायचं, कामासाठी क्लबमध्ये जायचं, तिथे आधी पत्ते खेळायचे... पोट भरल्यावरही पंगतीत आग्रह चालूच राहावा तसं होतं ते. आणि शेजारी कुऱ्हाडी चालतायत, माणसं पडतायत, आणि क्लबमधले लोक नाचतायतच, हे मला काही पटलं नाही, तुम्हाला स्टाइल वाटली तर वाटू दे. पण तिथला तो किला नावाचा जाडजूड डॉन म्हणजे आत स्कॉट अ‍ॅडकिन्स आहे, मार्शल आर्ट्सवाला, जाड दिसायचा सूट चढवून तसल्या लाथा मारतो, तेवढ्यासाठी माफ.

आणि मग पॅरिस. शेवटचा तासभर बसल्या जागेवरून हलणार नाही. आर्क द त्रिओंफ म्हणजे ती मोठी कमान, जिथे १२ रस्ते येऊन मिळतात, तिथे उलटसुलट ट्रॅफिकमध्ये मारामारी (यातलं बरंचसं शूटिंग बर्लिनच्या एका बंद पडलेल्या विमानतळावर केलंय, बघताना अजिबात कळत नाही). त्यानंतर एका जुन्या बिल्डिंगमध्ये कॅमेरा छतातून वर जातो आणि आपण सगळ्या खोल्या वरून बघतो, बंदुकीतून आगीचे लोळ निघतायत, जॉन एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, कट नाहीच. दिग्दर्शकाने एका व्हिडिओ गेमवरून ते सुचल्याचं सांगितलंय आणि दिसतंही तसंच.

दिग्दर्शक चॅड स्टाहेल्स्की मुळात स्टंटमन, मॅट्रिक्स या सिनेमात जॉन विक झालेल्या कियानू रीव्हजचाच डबल, म्हणजे त्याच्या जागी स्टंट करणारा, होता तो. त्यामुळे याच्या मारामारीत कॅमेरा लांब उभा राहतो, माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसतो, कोणी कोणाला कुठे धरून आपटलं ते कळतं, नाहीतर हल्ली बऱ्याच सिनेमांत कॅमेरा हलवून हलवून काय झालं तेच दिसत नाही. हा भाग आला तेव्हा कियानू ५८ वर्षांचा होता आणि ते लपवलेलं नाही, तो धापा टाकतो, लंगडतो, उठायला वेळ लावतो. संवाद तर जवळजवळ नाहीतच त्याला, "येआ" म्हणून मोकळा होतो.

सगळ्यात शेवटी पायऱ्या. द्वंद्व सूर्य उगवताना साक्रे-कर चर्चपाशी, वेळेत पोचला नाही तर खेळ खलास, आणि वर जायच्या त्या २२२ पायऱ्यांवर सुपारीच्या पैशासाठी माणसं दबा धरून बसलीयत. तो लढत लढत वर जातो आणि मग काय होतं ते सांगत नाही, थिएटरात लोक आधी हसले आणि मग एकदम गप्प झाले. पुढच्या चढाईत त्याच्या बाजूला कोण उभं राहतं ते बघा, मी वर जे दोस्तीचं म्हणालो ते सगळं तिथे वसूल होतं. असल्या कामासाठी ऑस्करमध्ये विभागच नव्हता इतकी वर्षं, आता २०२८ च्या सोहळ्यापासून स्टंटसाठी पुरस्कार सुरू होणारेय.

एक हळहळ म्हणजे हॉटेलच्या रिसेप्शनवरचा तो शांत शॅरन, लान्स रेडिक, सिनेमा लागायच्या आठवडाभर आधी, १७ मार्च २०२३ ला गेला. पहिला भाग बघितला असेल तर चौथ्याच्या सुरुवातीला त्याचा जो प्रसंग आहे तो जास्त लागतो, हेही एक कारण धरा.

मोबाइलवर बघू नका, बराचसा सिनेमा रात्रीचा आहे, निऑन आणि सावल्या, छोट्या स्क्रीनवर सगळं काळं दिसेल. घरात लहान पोरं असतील तर ती झोपल्यावर लावा. नावं संपेपर्यंत उठू नका, नंतर एक छोटा सीन आहे, अकिराचा. आणि याच मालिकेतला २०२५ चा बॅलेरिना हा सिनेमा आधी बघायचा का असं कोणी विचारतं, तर तो चौथ्याच्या आधीच्या काळात घडतो पण त्याच्यावाचून इथे काही अडत नाही, तो नंतर बघा.