सासूबाईंना आराम देऊ नका

इंग्लंडच्या दक्षिण भागातून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या ७२ वर्षांच्या सासूबाई सहा महिन्यांच्या मुक्कामासाठी साताऱ्याहून आल्या आहेत. साताऱ्यात त्या दुसऱ्या मजल्यावर राहतात, सकाळी दूध आणि फुले आणायला स्वतः खाली उतरतात, एक दिवसाआड मंडईत जातात आणि संध्याकाळी देवळात व तेथून कुणाकडे तरी जाऊन दिवेलागणीनंतर घरी येतात. इंग्लंडमध्ये येऊन दोन महिने होत नाहीत तोच त्या सोफ्यावरून उठताना हाताचा आधार घेऊ लागल्या आहेत, जिना चढताना मध्येच थांबतात, दुपारी तास-दीड तास झोपतात आणि रात्री जाग्या असतात. ‘आम्ही त्यांना एकही काम करू देत नाही, आयुष्यभर त्यांनी कष्टच केले आहेत,’ असे लिहून या भगिनींनी विचारले आहे की ताकदीसाठी कोणत्या गोळ्या सुरू कराव्यात.

गोळ्यांविषयी पुढे सांगते, आधी सोफ्याविषयी बोलू. तुम्ही सासूबाईंची उत्तम काळजी घेत आहात यात शंका नाही, पण त्यांची ताकद त्या काळजीमुळेच उतरत असावी, असे मला तुमच्या पत्रावरून वाटते. २००७ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. सरासरी ६७ वर्षे वयाच्या निरोगी माणसांना केवळ दहा दिवस अंथरुणावर पडून राहायला सांगितले, तेव्हा त्यांच्या पायांतील जवळजवळ एक किलो स्नायूंचे वजन उतरले. त्यांना कोणताही आजार नव्हता आणि जेवणही नीट मिळत होते. तुमच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या नाहीत हे खरे आहे, पण दोन मजले, मंडई आणि देऊळ एका दिवसात बंद झाल्यावर शरीराचा प्रवास त्याच दिशेने सुरू होतो. तरुण माणूस आठवडाभराच्या तापानंतर गमावलेली ताकद सहज भरून काढतो. सत्तरीनंतर ती भरून काढायला फार वेळ लागतो.

ती भरून निघते मात्र नक्की. १९९० साली बॉस्टनच्या एका वृद्धसेवागृहात नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे पायांच्या ताकदीचे व्यायाम दिले गेले. एकाने मध्येच सोडले, उरलेल्या नऊ जणांची ताकद सरासरीने अडीच पटींहून अधिक झाली. ‘आता या वयात काय होणार’ हे वाक्य तुमच्या घरात कुणी उच्चारले, सासूबाईंनी स्वतः उच्चारले तरी, हा दाखला द्यावा.

मग करायचे काय? कष्ट आणि हालचाल यांची आपण नेहमी गल्लत करतो. सासूबाईंना चार माणसांचा स्वयंपाक रोज करायला लावणे हे कष्ट झाले. मात्र कपडे वाळत घालणे, वरच्या मजल्यावरून घड्या आणणे, मुलांना शाळेतून आणायला तुमच्याबरोबर चालत येणे, कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणणे ही त्यांची मोडलेली दिनचर्या परत उभी करणारी कामे आहेत. इंग्लंडमधील घरांना आत जिना असतो आणि न्हाणीघर बहुधा वर असते, ही सोय समजा. दिवसातून चार-पाच वेळा कठडा धरून, सावकाश, पण स्वतःच्या पायांनी चढ-उतार झाली पाहिजे. चष्मा वर राहिला तर तो आणून देण्यासाठी नातवाला पळवू नका.

माझ्या फिजिओथेरपीच्या कामात मी पहिल्या भेटीत एक साधी चाचणी घेते, ती तुम्हीही घ्या. हात नसलेली, नेहमीच्या उंचीची पक्की खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. सासूबाईंना दोन्ही हात छातीवर आडवे धरून तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसता येते ते मोजा, आणि स्वतः शेजारी उभ्या राहा. सत्तर ते चौऱ्याहत्तर वर्षांच्या स्त्रीला दहापेक्षा कमी वेळा जमले तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असे मानतात. याच वयाच्या पुरुषासाठी हा आकडा बारा आहे. हाताचा आधार घ्यावाच लागला तर गणती शून्य धरायची. आकडा आणि तारीख कॅलेंडरवर लिहा. हीच चाचणी हा व्यायामही आहे: सकाळ-संध्याकाळ आठ-दहा वेळा उठणे-बसणे, सुरुवातीला उशी ठेवून उंच केलेल्या खुर्चीवरून आणि गरज पडली तर हात टेकून. त्याच्या जोडीला स्वयंपाकघराचा ओटा धरून टाचा उचलणे, आणि चहाला उकळी येईपर्यंत एका पायावर उभे राहणे, अर्थात दोन्ही हात ओट्यावर ठेवून. जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांपुढील माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम गतीची हालचाल सुचवते, हे पुष्कळांना माहीत असते. त्याच सूचनांमध्ये आठवड्यातून दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम सांगितलेले आहेत, तो भाग मात्र घरोघरी गळून जातो. आपल्याकडे फेरी मारून आले की व्यायाम झाला असे समजतात. चालणे चांगलेच, पण केवळ चालण्याने खुर्चीतून उठण्याची ताकद येत नाही. व्यायामात छातीत दुखले, चक्कर आली किंवा दम नेहमीपेक्षा वेगळा लागला तर थांबून डॉक्टरांना दाखवावे.

डिसेंबरात तुमच्याकडे दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून संध्याकाळच्या फेरीची सवय सकाळी अकरावर आणावी. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की रात्रीची झोपही सुधारते, आणि दुपारची झोप गजर लावून अर्ध्या तासावर आणली की उरलेले कामही होते. साताऱ्याच्या चपला मात्र कपाटात ठेवा. ओल्या पानांवरून आणि दंवावरून चालण्यासाठी खरबरीत तळव्याचे, बंद टाचेचे बूट घेऊन द्या. आई ‘कशाला खर्च’ म्हणतीलच.

ताटाकडे येऊ. तुम्ही लिहिले आहे की त्या सकाळी चहा-बिस्किटे, दुपारी दोन पोळ्या, भाजी आणि वाटीभर पातळ वरण, आणि रात्री ‘भूक नाही’ म्हणून दूधभात किंवा मऊ खिचडी घेतात. हा आहार पचायला हलका आहे, त्यात वावगे काही नाही, पण त्यातून दिवसाला फार तर पस्तीस-चाळीस ग्रॅम प्रथिने मिळत असतील. उतारवयात स्नायू टिकवण्यासाठी शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे एक ते १.२ ग्रॅम प्रथिने असावीत असे बहुतेक तज्ज्ञ सांगतात, म्हणजे साठ किलो वजनाच्या तुमच्या सासूबाईंना साठ ते बहात्तर ग्रॅम. ही तूट भरून काढण्यासाठी पावडरचे डबे आणायची गरज नाही. बिस्किटांच्या जागी मुगाच्या डाळीची दोन जाडसर धिरडी दिली की दहा-बारा ग्रॅम तिथेच मिळतात. वरण घट्ट करा, कुळथाचे पिठले आणि मटकीची उसळ यांना आठवड्यात हक्काचे दिवस द्या, रात्रीच्या खिचडीत डाळीचे प्रमाण तांदळाइतके करा. दह्याच्या बाबतीत तुमच्या दुकानातला एक बारकावा सांगते: डब्यावर ‘ग्रीक स्टाइल’ असे असेल तर ते बहुधा दाट केलेले साधे दही असते, आणि ‘स्ट्रेन्ड’ लिहिलेले गाळीव ग्रीक दही म्हणजे आपला चक्का, ज्याच्या शंभर ग्रॅममध्ये नऊ-दहा ग्रॅम प्रथिने असतात. मागची बाजू वाचून घ्यावी. अंडे चालत असेल तर प्रत्येकी सहा ग्रॅम. ही सगळी प्रथिने एकाच जेवणात न देता तिन्ही वेळांत वाटावीत. सासूबाईंना मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र यातले काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नये. आणि उपवासाच्या दिवशी साबुदाण्याऐवजी भगर, शेंगदाण्याची आमटी आणि ताक असा बेत केला तर देवाची काही हरकत नसावी.

आता गोळ्या. ब्रिटनच्या आरोग्यसेवेने सर्वांनाच ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घेण्याचा विचार करायला सांगितले आहे, आणि सावळ्या त्वचेच्या माणसांना तर वर्षभर, कारण तिथल्या उन्हात त्यांच्या त्वचेत ते पुरेसे तयार होत नाही. तेवढे सुरू करायला हरकत नाही. बी-१२ मात्र रक्त तपासूनच ठरवावे. शाकाहारी माणसांत ते कमी असते आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत आणखी कमी होऊ शकते, त्याने पायांना मुंग्या येतात आणि तोलही जातो. नव्या गोळ्यांपेक्षा मला त्यांच्या बॅगेतल्या जुन्या गोळ्यांची अधिक चिंता वाटते. भारतातून येताना आपण सर्दी-खोकल्याची जी पाकिटे भरून आणतो, त्यांतील अनेकांत क्लोरफेनिरामिन असते. त्याने वृद्ध माणसाला गुंगी येते, गोंधळ उडतो आणि रात्री न्हाणीघरात जाताना पाय घसरतो. गुडघ्यासाठी आणलेली वेदनाशामके, रक्तदाबाची गोळी आणि ही पाकिटे एका पिशवीत घालून औषधाच्या दुकानातील फार्मसिस्टला एकदा दाखवा. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी अंथरुणातून उठल्यावर मिनिटभर पलंगाच्या कडेवर बसावे, मग उभे राहावे.

पडणे टाळण्यासाठी घरात जे करायचे ते एका रविवारी होते: सुटे पायपुसणे उचलणे, जिन्याला दुसऱ्या बाजूलाही कठडा, टबाशेजारी भिंतीत घट्ट बसवलेली पकड, रात्री जाण्याच्या वाटेवर छोटा दिवा. खर्चाचे बोलायचे तर, पाहुण्या म्हणून आलेल्यांना जीपीकडची, म्हणजे तिथल्या नेहमीच्या डॉक्टरांकडची, तपासणी आणि अपघात विभागातील उपचार मोफत असतात, पण रुग्णालयात दाखल झाल्यापासून सर्वसाधारण दराच्या दीडपट बिल लागू शकते. त्यांचा प्रवासविमा मुक्काम संपेपर्यंत चालू आहे ना, तेवढे आजच पाहा.

‘टीव्हीचा आवाज फार मोठा ठेवतात’ ही तक्रार तुम्ही जाता जाता केली आहे, पण मी ती गंभीरपणे घेईन. २०२४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणे मांडली. त्यांत कमी झालेली श्रवणशक्ती आहे आणि एकटेपणाही आहे. ज्या घरात मुले इंग्रजीत भरभर बोलतात, तिथे कमी ऐकू येणारी आजी हळूहळू गप्प होते आणि आपण म्हणतो, शांत स्वभावाच्या आहेत. कान तपासून घ्या. नातवंडांना तोंडाकडे पाहून, मराठीत आणि सावकाश बोलायला लावा. दूर असले तरी महिन्यातून एकदा मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला न्या. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून चालू आहे, आणि तुमच्या शहराच्या आसपासही एखादा गट निघेल. सातारा सोडून आलेल्या बाईला रोज कुणाशी तरी स्वतःच्या विषयांवर वाद घालता आला पाहिजे.

शेवटी तुम्ही विचारले आहे की परतीच्या तिकिटावर व्हीलचेअर नोंदवावी का. येताना नोंदवली होती, तीही इंग्रजी येत नाही आणि विमानतळावर चुकायला होईल म्हणून, हे तुम्हीच लिहिले आहे. चालता येणाऱ्या माणसाला भाषेसाठी खुर्चीत बसवण्यापेक्षा विमान कंपनीकडे केवळ वाट दाखवणारी मदत मिळते का ते विचारावे, आणि त्याच विमानाने जाणारे एखादे मराठी कुटुंब आहे का याची मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर चौकशी करावी. निघण्याच्या महिनाभर आधी कॅलेंडरवरचा खुर्चीचा आकडा पाहा. तो दहाच्या वर गेला असेल तर व्हीलचेअर रद्द करा, आणि ते तिकीट सासूबाईंच्या हातात स्वतः द्या.