इंट आणि डेटटाइमलाच नाव मिळत नाही? कन्व्हर्टचा थर सोला

"स्ट्रिंग प्रॉपर्टी दिली की हेल्पर नाव देतो, इंट किंवा डेटटाइम दिली की नल" ही सी शार्पमध्ये प्रॉपर्टीचं नाव स्ट्रिंग म्हणून काढणाऱ्या हेल्परबद्दलची तुमची तक्रार वाचली आणि माझेच जुने प्रताप आठवले. एक्स्प्रेशन ट्री (कोड लगेच न चालवता त्याची रचना डेटा म्हणून धरून ठेवणारं झाड) म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे थेट मुद्द्यावर येतो.

तुमचा पॅरामीटर एक्स्प्रेशन<फंक<टी, ऑब्जेक्ट>> आहे. इंट ऑब्जेक्टमध्ये घालायचा तर बॉक्सिंग आलं, म्हणून कंपायलर प्रॉपर्टीभोवती कन्व्हर्टचा, म्हणजे टाइप बदलण्याचा, थर गुंडाळतो. ट्रीची बॉडी मग मेंबरएक्स्प्रेशन (थेट प्रॉपर्टीचा उल्लेख) न राहता युनरीएक्स्प्रेशन (एका आतल्या भागावरची क्रिया) होते आणि तुमच्या 'ॲज' कास्टला नल मिळतो. युनरी असेल तर तिच्या ऑपरंडमधून, म्हणजे त्या आतल्या भागातून, मेंबर.नेम वाचा. किंवा ऑब्जेक्टच्या जागी दुसरा टाइप पॅरामीटर घ्या, म्हणजे थरच येणार नाही. मला हेच बरं वाटतं.

मी मात्र शहाणपणा केला होता. नल आला की रिकामी स्ट्रिंग परत करायची, "तात्पुरती". तेच नाव पुढे, प्रॉपर्टी बदलल्याचं स्क्रीनला कळवणाऱ्या प्रॉपर्टीचेंज्ड इव्हेंटला जायचं, आणि तिथे नल किंवा रिकाम्या नावाचा अर्थ 'सगळ्याच प्रॉपर्टी बदलल्या' असा होतो! ऑर्डरमध्ये एक नग वाढवला की अख्ख्या फॉर्मची बाइंडिंग्ज (स्क्रीनवरच्या चौकटी आणि प्रॉपर्टी यांची जोडणी) पुन्हा वाचली जायची. एरर नाही, आकडे बरोबर, फक्त स्क्रीन रांगतेय. दोन आठवडे मी डेटाबेसला इंडेक्स लावत बसलो. वरिष्ठांचं एकच पालुपद, मशीन जुनं आहे. शेवटी सहज पत्त्याच्या गेटरवर (प्रॉपर्टी वाचली की चालणाऱ्या कोडवर) ब्रेकपॉइंट ठेवला, नगसंख्या बदलली, आणि डीबगर तिथेच थांबला. तेव्हा ट्यूब पेटली. नाव सापडलं नाही तर सरळ एक्सेप्शन फेका, गप्प बसू नका.

खरं सांगायचं तर नवीन कोडमध्ये हा हेल्परच नको. सी शार्प ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, प्रॉपर्टीचं नाव देणारं नेमऑफ आहे. ते कंपाइल होतानाच स्थिर स्ट्रिंग होतं. ट्री मात्र प्रत्येक कॉलला नव्याने बांधलं जातं. फ्रेमवर्क जुनं असलं तरी चालतं, कंपायलर तेवढा नवा हवा. सेटरमध्ये (प्रॉपर्टीत व्हॅल्यू घालणाऱ्या कोडमध्ये) तर कॉलरमेंबरनेम पुरे, ते बोलावणाऱ्या प्रॉपर्टीचं नाव आपोआप भरतं.

ट्री मी एकाच कामासाठी ठेवलंय: पूर्ण मार्ग हवा असेल तेव्हा. नेमऑफ(ऑर्डर.ग्राहक.शहर) फक्त 'शहर' देतं. अर्थात मी डब्ल्यूपीएफवाला (विंडोजच्या डेस्कटॉप स्क्रीन बनवण्याचं फ्रेमवर्क), तुमची गरज वेगळी असू शकते. आणि ऑबफस्केटर (कोड इतरांना वाचता येऊ नये म्हणून क्लिष्ट करणारं साधन) वापरत असाल तर जपून: तो प्रॉपर्टीचं नाव बदलतो, पण नेमऑफची स्ट्रिंग सहसा जुन्याच नावाची राहते.