टोलेडो, ओहायो: आधी काच, मग जीप

प्रश्न असा आहे की टोलेडो म्हणजे डेट्रॉइटचीच छोटी आवृत्ती का, आणि तिथे नोकरीनिमित्त राहायला जाणाऱ्याने गावाबद्दल काय माहीत करून घ्यावं.

पहिल्याचं उत्तर: नाही. दोन्ही शहरांत गाडीने तासाभराचं अंतर आहे, मोटारधंदा दोन्हीकडे आहे, पण टोलेडो आधी काचेचं गाव आहे. १८८८ मध्ये एडवर्ड ड्रमंड लिबी यांनी मॅसॅच्युसेट्समधला आपला काचकारखाना इथे हलवला. काचेची भट्टी रात्रंदिवस पेटती ठेवावी लागते, त्यामुळे इंधन महाग पडलं की धंदा बसतो. वायव्य ओहायोत तेव्हा नैसर्गिक वायू नुकताच सापडला होता, वाळू जवळ होती, माल हलवायला रेल्वे आणि ईरी सरोवराचं बंदर होतं. तो वायू काही वर्षांतच आटला.

तरीही धंदा राहिला, याचं मोठं श्रेय मायकेल ओवेन्सचं. दहाव्या वर्षी काचकारखान्यात लागलेल्या या माणसाने १९०३ च्या सुमारास बाटल्या बनवणारं स्वयंचलित यंत्र उभं केलं. यंत्राचा हात खाली येतो, निर्वात ओढीने वितळलेली काच साच्यात खेचतो, सुरी खालची काच कापते, मग दुसऱ्या साच्यात हवेच्या दाबाने बाटली फुगते. यातली खरी अडचण सुरीपाशी होती. कापलेल्या जागेची काच थंडावते, आणि पुढच्या हाताने तीच उचलली तर बाटलीत दोष राहतो. म्हणून काचेचं भांडंच सतत फिरतं ठेवलं: थंडावलेला भाग पुढे सरकतो, पुन्हा तापतो आणि हाताखाली ताजी काच येते. हाताने फुंकलेल्या दोन बाटल्या सारख्या मापाच्या निघणं कठीण. यंत्राच्या निघू लागल्या, त्यामुळे त्या भरणं नि झाकणं हीसुद्धा यंत्राची कामं झाली. भट्टीवर राबणाऱ्या पोरांची गरजही कमी होत गेली.

पुढे ओवेन्स-इलिनॉय (१९२९) बाटल्यांत, लिबी-ओवेन्स-फोर्ड (१९३०) खिडक्या नि गाड्यांच्या काचांत आणि ओवेन्स-कॉर्निंग (१९३८) काचतंतूंत उतरली. लिबी-ओवेन्स-फोर्डमधला फोर्ड म्हणजे एडवर्ड. हेन्रीचा नातेवाईक नव्हे, लोक हमखास गल्लत करतात.

मोटारधंद्यात टोलेडोची भिस्त मुख्यतः सुट्या भागांवर: चॅम्पियनचे स्पार्क प्लग, ऑटो-लाइटचं विजेचं सामान, डानाचे अ‍ॅक्सल. पूर्ण गाडीचं नाव घ्यायचं तर विलिस-ओव्हरलँड, आणि १९४१ पासून तिची जीप. महिंद्राने युद्धानंतर मुंबईत माझगावला जुळवायला घेतलेल्या विलिस जीपचं माहेर हेच. आपल्या प्रयोगशाळांतल्या मेटलर-टोलेडो तराजूच्या नावातलंही टोलेडो हेच.

१९३४ चा ऑटो-लाइटचा संप समजून घेतल्याशिवाय गावाचा स्वभाव कळत नाही. मंदीत संप मोडायचा सोपा मार्ग म्हणजे दारात उभ्या असलेल्या बेकारांना आत घेणं. इथे बेकारांची संघटनाच संपकऱ्यांच्या बाजूने कारखान्याला वेढा घालून बसली. नॅशनल गार्डच्या (राज्याच्या राखीव सैन्याच्या) गोळीबारात दोघे मेले, पण युनियनला मान्यता मिळाली. आजही शेजाऱ्यांशी बोलताना युनियनवर शेरे मारू नका. बऱ्याच घरांत कुणाचं तरी पेन्शन तिथूनच येतं.

१९७० मध्ये ३ लाख ८३ हजार असलेली वस्ती २०२० मध्ये २ लाख ७१ हजारांवर आली. लोक कारखाने गेल्याचं सांगतात. माझ्या मते त्याहून खोल घाव मुख्यालयांचा. १९८६ मध्ये लिबी-ओवेन्स-फोर्डचा काचधंदा पिल्किंग्टनकडे गेला. त्याच वर्षी ताबा घेऊ पाहणाऱ्या कंपनीला रोखण्यासाठी ओवेन्स-कॉर्निंगने प्रचंड कर्ज घेतलं. संशोधन आणि कचेऱ्यांतल्या नोकऱ्या आटल्या. जीप गावात राहावी म्हणून नव्वदच्या दशकात पालिकेने करसवलती दिल्या, घरं हटवून जागा दिली. रहिवाशांनी लढवलेला त्याविरुद्धचा दावा २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. काचेचं ज्ञान मात्र वाया गेलं नाही. शेजारच्या पेरिसबर्गमधला फर्स्ट सोलरचा सौर पॅनेलचा कारखाना काचेवर उन्हातून वीज करणाऱ्या कॅडमियम टेल्युराइडचा पातळ थर चढवतो, आणि त्या तंत्राची सुरुवात इथल्याच काचवाल्यांनी केली.

आता राहण्याचं. हा सगळा पट्टा पूर्वी दलदल होता. चर आणि जमिनीखालचे नळ घालून तिची शेती केली. त्या शेतांतलं फॉस्फरस मॉमी नदीतून ईरी सरोवराच्या उथळ पश्चिम टोकाला जातं आणि उन्हाळ्यात तिथे हिरवी शेवाळी साय येते. ऑगस्ट २०१४ मध्ये तिच्या विषामुळे चार लाखांहून अधिक लोकांना सुमारे अडीच दिवस नळाचं पाणी पिण्यास मनाई होती. अशी सूचना आली तर पाणी उकळू नका. हे विष, मायक्रोसिस्टिन, उकळून जात नाही, उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं. बाटलीबंद पाणी घरात ठेवा.

त्याच दलदलीमुळे जमीन सपाट आणि चिकणमातीची. घर बघताना तळघरातला सम्प पंप (साचलेलं पाणी बाहेर फेकणारा) चालवून दाखवायला सांगा, बॅटरीचा पर्यायी पंप आहे का विचारा. वादळात वीज जाते आणि पंपाची गरज नेमकी तेव्हाच लागते. ओल्ड वेस्ट एंडमधली जुनी घरं देखणी आहेत, पण हिवाळ्यातलं गरम ठेवण्याचं बिल आधी मागून बघा. १९७८ पूर्वीच्या घरात शिशाचा रंग असू शकतो, लहान मूल असेल तर तपासणी करूनच सही करा. सिल्व्हेनिया आणि पेरिसबर्ग ही उपनगरं महाग, पण शाळांसाठी बहुतेक जण तिकडेच वळतात. हिंदू मंदिरही सिल्व्हेनियात आहे.

कला संग्रहालय लिबींच्याच पैशातून उभं राहिलेलं, प्रवेश फुकट. तिथल्या २००६ च्या काचमंडपात काच फुंकण्याचं प्रात्यक्षिक बघता येतं. मंडपाच्या प्रचंड वक्र काचा मात्र चीनमध्ये वाकवून आणाव्या लागल्या.