बैलाचं आवतण

“सोशल मीडिया सगळं बंद केलं, तरी एकटाच आहे.” समुपदेशक म्हणून हे अलीकडे इतक्या जणांकडून ऐकलंय की पुढचं वाक्य मला पाठ झालंय: “कोणी विचारलंसुद्धा नाही.”

वरूड-मोर्शी पट्ट्यातला हा संत्रा बागायतदार तिशीच्या आतला. (ओळख पटेल ते सारं बदललंय.) खरी माणसं हवीत म्हणून त्यानं इन्स्टाग्राम, फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप एका रात्रीत काढून टाकलं.

“म्याडम, दोन मयने झाले. जिता हाय का मेला, एकानंही इचारलं नाही.”

“या दोन महिन्यांत तू कोणाकडे गेलास?”

तो खिडकीबाहेर पाहू लागला.

दोन-तीन भेटी इथंच अडकल्या. ‘त्यांनी विचारावं’ ही साधी इच्छा. तिचा ‘विचारायलाच हवं’ असा हुकूम कधी होतो, कळत नाही. हा गडी लोकांची परीक्षा घेत होता आणि परीक्षा आहे हे कोणाला माहीतच नव्हतं.

पोळा दोन दिवसांवर आला होता. मी विचारलं, “आदल्या संध्याकाळी बैलांना काय म्हणता?”

“खांदे शेकतो अन् म्हनतो, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”

“बैल तर घरचाच. तरी आवतण?”

तो हसला, मग गप्प झाला. बराच वेळ. मीही तोंड आवरलं. या धंद्यातली निम्मी विद्या तीच.

“मी कोनालेच आवतन देल्लं नाही,” तो म्हणाला. “पन गेलो अन् त्यानं तोंड फिरवलं तं?”

मी त्याला अल्बर्ट एलिस सांगितले. हे मानसतज्ज्ञ 19 वर्षांचे असताना मुलींशी बोलायला घाबरत. न्यूयॉर्कच्या बागेत महिनाभरात त्यांनी 100 जणींशी स्वतःहून बोलणं काढलं. भेटायला एकच कबूल झाली आणि तीही आली नाही. आभाळ मात्र कोसळलं नाही. (मी एलिसच्याच पंथाची समुपदेशक, तेव्हा हा किस्सा येतोच.)

अ‍ॅप काढा की ठेवा, माझा आग्रह नाही. काढणार असाल तर आधी चार-पाच जणांना सांगा, नंबर लिहून घ्या आणि पहिली फेरी तुमची.

तो बारा किलोमीटरवरच्या कॉलेजच्या मित्राकडे गेला. ओसरीवर बापाचा हार घातलेला फोटो.

“ग्रुपवर टाकलं होतं,” मित्र म्हणाला. “मले वाटलं, तू तरी येशीन.”

दोघंही एकमेकांची वाट पाहत रुसले होते. यानं सफाई दिली नाही. काळा चहा होईपर्यंत तिथंच बसून राहिला. हे मी शिकवलं नव्हतं.