व्हिडिओ गेमच्या जुन्या कॅसेटवरचं फाटलेलं लेबल बदलावं का? बदलायचं तर कसं?

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: माळ्यावरच्या खोक्यात लहानपणच्या सहा कॅसेट सापडल्या. चार आपल्याकडच्या, टीव्हीला जोडायच्या गेमच्या. त्यातल्या एकीचं लेबल पार गेलंय, एकीचं कसरीनं खाल्लंय, दोन फिक्या पडल्यात. उरलेल्या दोन गेमबॉयच्या, म्हणजे निन्टेन्डोच्या हातात धरून खेळायच्या यंत्राच्या, मामांनी अमेरिकेहून पाठवलेल्या. त्यातल्या पोकेमॉन रेडच्या लेबलाचा कोपरा सुटलाय आणि तिच्यात खेळ सेव्हही होत नाही. सगळी लेबलं काढून नवी छापून लावावीत असं तुमच्या मनात आहे, आणि त्यानं किंमत कमी होईल का, हेही तुम्ही विचारलंय.

सगळी काढू नका. नवं लेबल फक्त एकीला हवंय, जिचं गेलंय तिला. बाकीच्यांची दुरुस्ती होते, नाहीतर त्यांना आहे तसं ठेवता येतं. जुनं लेबल एकदा ओढून काढलं की कागदाचे थर सुटतात, ते परत जागेवर बसत नाहीत.

त्यातही आपल्याकडच्या चार कॅसेट जास्त जपा. तुम्हाला अमेरिकेहून आलेल्या मौल्यवान वाटत असतील, आणि पैशांच्या हिशेबात ते बरोबरही आहे. पण पोकेमॉन रेड अमेरिकेत १९९८ मध्ये आलं, अफाट खपलं, आणि त्याच्या लेबलाचे स्वच्छ फोटो शोधले की लगेच मिळतात. नव्वदच्या दशकात आपल्या बाजारात विकल्या गेलेल्या कॅसेटचं तसं नाही. निन्टेन्डो या जपानी कंपनीनं जपानमध्ये १९८३ साली फॅमिकॉम हा टीव्ही गेम काढला. आपल्याकडचे बहुतेक टीव्ही गेम ही त्याची नक्कल, आणि कॅसेटही तशाच, ६० पिनांच्या. लेबल कोणी काढलं, कोणत्या छापखान्यात छापलं, याचा पत्ता नाही. वर ‘९९९९ इन १’ लिहिलेलं, आत मोजकेच गेम वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा. चित्रात भलत्याच गेमचा नाहीतर सिनेमाचा हिरो. कॉन्ट्रा या एकाच गेमच्या दोन कॅसेट घेतल्या तर दोन्हींवर वेगळी चित्रं. असं लेबल तुम्ही खरवडून फेकलंत तर त्याची दुसरी प्रत कुठे मिळेल, कोणीच सांगू शकणार नाही.

तेव्हा कॅसेट अदलाबदल करून खेळायचे, म्हणून कित्येक लेबलांवर बॉलपेननं मुलाचं नाव लिहिलेलं असतं. भाड्यानं देणाऱ्या दुकानाचा नंबरही चिकटवलेला दिसतो. ते पुसू नका, काढू नका. आपल्याकडे हे गेम कसे खेळले गेले याचा तेवढाच लेखी पुरावा आहे.

काहीही करण्याआधी उरलेली पाचही लेबलं स्कॅन करून ठेवा. ६०० डीपीआय (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) पुरतं. पाच सेंटीमीटर रुंदीच्या लेबलाचे साधारण ११८० पिक्सेल मिळतात. इथे एक अडचण येते. घरच्या प्रिंटरसोबत येणारे स्वस्त स्कॅनर बहुधा सीआयएस प्रकारचे असतात, आणि त्यांना काचेला टेकलेलीच वस्तू स्पष्ट दिसते. लेबल कॅसेटच्या खोलगट खाचेत बसलेलं असतं, म्हणजे काचेपासून जेमतेम मिलिमीटरभर वर. तेवढ्यानंही अक्षरं धूसर येतात. जुना, जाडजूड, सीसीडी प्रकारचा स्कॅनर कुणाकडे मिळाला तर तो वापरा. नाहीच मिळाला तर खिडकीपाशी, ऊन थेट पडत नसताना, फोन अगदी समोर सपाट धरून फोटो काढा. शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवा, पुढे माप जुळवायला ती लागेल. फाइल पीएनजी किंवा टिफमध्ये ठेवा. जेपीजी दर वेळी सेव्ह करताना थोडी बिघडते.

आता दुरुस्ती. पोकेमॉनच्या सुटलेल्या कोपऱ्याखाली टूथपिकच्या टोकानं फेव्हिकॉलचा अगदी पातळ हात फिरवा. जास्त लावलात तर त्यातल्या पाण्यानं कागद फुगतो. वर बटर पेपर ठेवा, त्यावर जाड पुस्तक, आणि रात्रभर तसंच राहू द्या. फेव्हिक्विकसारखा झटपट गोंद इथे नको. त्याची वाफ आजूबाजूच्या प्लास्टिकवर पांढरी बसते. सेलोटेप तर नकोच. काही वर्षांत ती पिवळी पडते आणि तिचा चिकटा कागदात मुरतो. गव्हाची किंवा मैद्याची खळही टाळा, कसर पिठावरच येते.

फिक्या पडलेल्या दोघींना काहीही करू नका. छपाईतला पिवळा आणि गुलाबी रंग उजेडानं आधी उडतो, निळा आणि काळा टिकतो. सलूनच्या काचेवरची हेअरस्टाइलची पोस्टरं निळसर दिसतात ती यामुळेच. त्यावर पेन फिरवून किंवा लॅमिनेशन चिकटवून रंग परत येत नाही. रंग परत आणायचा तो स्कॅनमध्ये.

कसर लागलेली कॅसेट मऊ ब्रशनं झटका, उन्हात न ठेवता हवेशीर जागी कोरडी होऊ द्या, आणि सुटलेल्या कडा वर सांगितल्याप्रमाणे बसवा. नाव वाचता येत असेल तर ते लेबल तसंच राहू द्या, असं माझं मत. चित्र अर्धं गेलंय म्हणून उरलेलं अर्धं काढून टाकायला नको.

राहिली बिनलेबलाची. तिच्यावर जुन्या गोंदाचा चिकट थर असेल. कॅसेट उघडायची गरज नाही. आपल्याकडच्या कॅसेटना बऱ्याचदा स्क्रू नसतात, नुसते प्लास्टिकचे खटके असतात आणि ते जुने झाले की तुटतात. हेअर ड्रायर कमीत कमी गरम ठेवून वीतभर अंतरावरून अर्धा मिनिट फिरवा, मग जुन्या एटीएम कार्डाच्या कडेनं थर सरकवा. सेव्ह करणाऱ्या कॅसेटवर मात्र ड्रायर नको, आतल्या सेलला उष्णता सोसत नाही. उरलेला चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं निघतो. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ते ‘आयपीए’ म्हणून मागा. त्यानं भागलं नाही तर लायटरमध्ये भरायचं फ्लुइड कापसावर घेऊन. पण खिडक्या उघडून, गॅस आणि उदबत्ती बंद करून. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर कॅसेटच्या जवळही आणू नका, त्यातलं अ‍ॅसिटोन हे प्लास्टिक विरघळवतं आणि बोटाचा ठसा कायमचा उमटतो. घरगुती उपाय म्हणून निलगिरीचं तेल सांगतात. गोंद त्यानं सुटतो, पण काही प्लास्टिकना ते चालत नाही, तेव्हा आधी मागच्या बाजूला एक थेंब लावून बघा.

लेबलावर छापायचं काय? आधी कॅसेट चालवून आत कोणते गेम आहेत ते बघा. मग तशीच दुसरी कॅसेट कुणाकडे आहे का, ते शोधा. मिळाली तर तिचा स्कॅन घ्या. नाही मिळाली तर जुनं वाटेल असं नवं चित्र रचू नका, ही माझी कळकळीची विनंती. एका रंगाची पार्श्वभूमी, त्यावर ठसठशीत अक्षरांत गेमचं नाव, बस. वीस वर्षांनी ती कॅसेट कुणाच्या हाती गेली तर हे मूळ चित्र होतं असा त्याचा गैरसमज व्हायला नको.

स्कॅनवरून छापणार असाल तर एक गोष्ट सांभाळा. मूळ लेबल ऑफसेटवर छापलेलं असतं, म्हणजे भिंगातून पाहिलं तर सगळं चित्र बारीक ठिपक्यांचं दिसतं. तो स्कॅन तसाच पुन्हा छापला की जुने ठिपके आणि नव्या छपाईचे ठिपके एकमेकांवर येऊन चौकटीचौकटींची जाळी दिसते. गिंप या चित्रं सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये (फुकट आहे) चित्र अगदी थोडं धूसर करा, मग आकार कमी करून ३०० डीपीआयवर आणा, जाळी जाते. अक्षरं मात्र धूसर ठेवू नका, ती इंकस्केप या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्यानं बसवा. चित्र आपोआप मोठं करून देणाऱ्या एआय अ‍ॅपच्या भरवशावर राहू नका. बारीक अक्षरांच्या जागी ती अक्षरांसारखं काहीतरी काढून ठेवतात.

माप व्हर्नियर कॅलिपरनं घ्या, खाचेचं घ्या, आणि लेबल चारही बाजूंनी पाव ते अर्धा मिलिमीटर लहान ठेवा. कडा खाचेच्या भिंतीवर चढली की ती पहिल्या उन्हाळ्यातच सुटणार. छपाईला डिजिटल प्रिंटवाल्याकडे जा आणि ग्लॉसी व्हिनाइल स्टिकरवर लेझर प्रिंट मागा. लेझरचा टोनर घामानं, पाण्यानं पसरत नाही. घरच्या इंकजेटची शाई बऱ्याचदा पसरते. वर पातळ कोल्ड लॅमिनेशन आणि प्लॉटरवर हाफ कट (म्हणजे स्टिकर कापायचं, मागचा कागद नाही) करून घेतलं तर कात्रीची भानगड राहत नाही. जाड लॅमिनेशन घेऊ नका, घट्ट खाचेच्या यंत्रात लेबल घासतं आणि कड उलटते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रिंट देताना ‘फिट टू पेज’ बंद आणि माप १०० टक्के असल्याची खात्री करा. आधी साध्या कागदावर एक प्रत काढून ती कापून खाचेत ठेवून बघा. एका कॅसेटसाठी दुकानदार अख्खी शीट छापणार, तेव्हा त्याच शीटवर दोन-चार प्रती बसवून घ्या. पहिलं लेबल तिरकं लागतंच.

चिकटवताना खाच आयपीएनं पुसून पूर्ण वाळू द्या. मागचा कागद वरच्या बाजूनं बोटभरच सोडवा, तेवढी कड नीट जुळवा, मग उरलेला कागद हळूहळू खाली ओढत मऊ फडक्यानं मधून बाहेर दाबत या. सगळं लेबल एकदम सोडवून वरून ठेवायला गेलात तर हवेचे फुगे राहतात.

आणि लेबलाच्या खालच्या कडेला बारीक अक्षरांत ‘प्रतिकृती’ आणि छापल्याचं वर्ष टाका. दिसायला खटकत नाही, आणि कॅसेट तुमच्या हातून गेली तरी खरी माहिती तिच्यासोबत जाते. कधी नाइलाजानं जुनं लेबल काढावं लागलंच तर ते फेकू नका. नव्या स्टिकरचा मागचा गुळगुळीत कागद असतो ना, त्यावर ते अलगद ठेवा; चिकटत नाही आणि दुमडतही नाही. मग झिपच्या पिशवीत.

किमतीचं विचारलंत. हो, कमी होते. गेमबॉयच्या अस्सल कॅसेटचं लेबल ट्यूबलाइटखाली तिरकं धरून बघा, कागदावर दाबून उमटवलेले दोन आकडे दिसतील, कधी त्यांच्या पुढे एखादं अक्षरही. ते शाईचे नाहीत, नुसता दाब आहे, आणि समोरून पाहिलं तर सहज दिसतही नाहीत. कारखान्यातली ती खूण छापलेल्या लेबलावर येत नाही. जाणकार गिऱ्हाईक आधी तेच बघतं, कारण पोकेमॉनच्या बनावट कॅसेट बाजारात खूप आहेत. लेबल बदललंत तर तुमची अस्सल कॅसेटही त्या रांगेत जाऊन बसेल. फाटकं पण मूळ लेबल असलेली कॅसेट विकताना जास्त किंमत देते. नवं लेबल लावून ते न सांगता विकणं ही सरळ फसवणूक आहे, हे सांगायची तुम्हाला गरज नाही. पण पुढचा मालकही तेवढाच सरळ असेल असं नाही, म्हणून ‘प्रतिकृती’ छापायचा आग्रह.

पोकेमॉन सेव्ह होत नाही याचा लेबलाशी संबंध नाही. आत एक नाण्याएवढा सेल असतो, तो इतक्या वर्षांत संपलेला असणार. मागचा एकच स्क्रू ३.८ मिलिमीटरच्या गेमबिट नावाच्या खास स्क्रूड्रायव्हरनं उघडतो, समोरच्या लेबलाला धक्का लागत नाही. सेल टाक्यांनी जोडलेला असतो, म्हणून त्यावरचा नंबर वाचून पट्ट्या लावलेला तसाच नवा घ्या आणि सोल्डरिंगची सवय नसेल तर मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून बसवून घ्या. यंत्रात घालण्याआधी कॅसेटमध्ये फुंकर मारायची आपली सवय मात्र सोडा. थुंकीतल्या ओलाव्यानं पिना गंजतात. कानात घालायच्या कापसाच्या काडीवर आयपीए घेऊन पिना पुसल्या की काम होतं.

शेवटी, खोकं परत माळ्यावर ठेवू नका. पत्र्याखालच्या उन्हाळ्यानं गोंद वाळतो आणि पावसाळ्यात कागदाला बुरशी येते. तुमच्या लेबलांची अवस्था बरीचशी त्यानंच झालीय. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, कॅसेट उभ्या आणि लेबलं एकमेकांना न टेकतील अशा, डबा खालच्या कपाटात. पुड्या दर पावसाळ्याआधी बदला. आणि आपल्याकडच्या तीन लेबलांचे स्कॅन इंटरनेट अर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहावर टाकाल तर फार बरं होईल. फाइलच्या नावात लेबलावर लिहिलंय ते जसंच्या तसं लिहा, स्पेलिंग चुकलेलं असलं तरी, आणि कॅसेट कोणत्या गावात, साधारण कोणत्या वर्षी घेतली ते खाली नोंदवा.